व्याह्यांची खुर्ची

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ ६२ वर्षांचे, मूळ चंद्रपूर जिल्ह्यातले, तीसेक वर्षांपासून ह्यूस्टनला, आता अमेरिकेचे नागरिक. त्यांचे वडील १९६१ साली वनखात्यात गार्ड म्हणून लागले आणि चितळ मारणाऱ्यांच्या मागावर रात्री-अपरात्री जंगलात जायचे. गृहस्थांची ३१ वर्षांची मुलगी सहा वर्षांपासून सासऱ्यांबरोबर टेक्सासातल्या लानो गावाजवळच्या त्यांच्या रँचवर, म्हणजे मोठ्या कुरणाच्या शेतावर, हरणाच्या शिकारीला जाते. यंदा सासऱ्यांचा गुडघा बदलला, त्यांना शिडी चढवत नाही, म्हणून तिने वडिलांना विचारलं, "बाबा, तू येशील का माझ्याबरोबर?" जावयाला शिकारीत रस नाही. पत्नी पक्क्या शाकाहारी. बंदुकीचं नाव नको आणि दिवाळीच्या दिवसांत तर नकोच, असं त्यांचं म्हणणं. गृहस्थ स्वतः रविवारी मटण खातात. गेल्या वर्षी मुलीने रँचवरून एका चितळाचा फोटो पाठवला होता, जिवंत, खाली लिहिलं होतं, 'हा तुझ्या गावचा'. पत्राचा शेवट असा: "गेलो तर वडिलांशी बेइमानी, नाही गेलो तर मुलगी दुरावेल. तीन आठवडे झाले, मी 'बघू' म्हणून ठेवलंय. काय करू?"

नमस्कार.

त्या 'बघू'पासूनच सुरू करते. मराठी घरात 'बघू'चा अर्थ लहान पोरालाही कळतो. जत्रेत खेळणं मागितलं आणि आई 'बघू' म्हणाली की पोर समजतं, विषय संपला. पण तुमची मुलगी ह्यूस्टनमध्ये वाढली. तिने तुमचं 'बघू' शब्दशः घेतलं असणार आणि ती तीन आठवडे वाट पाहत असणार. तेव्हा नाही म्हणायचं असलं तरी ते आता तोंडाने म्हणावं लागेल. आणि एका नकाराने मुलगी दुरावत नाही हो. तीन-तीन आठवडे उत्तर न मिळाल्याने मात्र ती पुढच्या वेळी विचारायची नाही.

तुमच्या पत्रात न जाण्याची तीन कारणं आहेत. वडील गार्ड होते, हे पहिलं. वहिनींना बंदूक नको, हे दुसरं. ही दोन्ही तुम्ही पानभर लिहिलीत. तिसरं एका ओळीत आहे, तेही कंसात: 'व्याह्यांचा गुडघा बदलला म्हणून माझी बदली लागली'. कोटी चांगली आहे. पण मला त्या कंसातलं कारण बाकी दोघांपेक्षा खरं वाटलं.

सहा वर्षं तुमची लेक दर नोव्हेंबरात दुसऱ्या एका बापाच्या शेजारी पहाटेपासून बसते. रायफलची दुर्बीण कशी लावायची, वारा कुठून आहे ते कसं ओळखायचं, हे तिला त्या माणसाने शिकवलं. तुम्ही तिला गणित शिकवलंत, गाडी शिकवलीत, आणि आता तिला जे सगळ्यांत जास्त आवडतं त्यात तुमचा कणभर हात नाही. हे लागतं. लागलं म्हणून तुम्ही कोत्या मनाचे ठरत नाही. फक्त त्याला वडिलांच्या तत्त्वाचं नाव देऊ नका, कारण मग तुमचं तुम्हालाच कळणार नाही की नक्की कशाला नकार देताय.

शिवाय बदली लागायला जागा रिकामी असावी लागते. टेक्सासात हरणाच्या शिकारीला दोघंच हवेत असा काही नियम नाही. मोठी माणसं बिनदिक्कत एकटी जातात, आणि सहा हंगाम काढलेली मुलगी सहज एकटी गेली असती. तिला जोडीदार लागत नव्हता. एक खुर्ची मोकळी झाली आणि तिला तुम्ही आठवलात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि तरीही बदली म्हणवून घ्यायचंच असेल, तर क्रिकेटमधला जुना नियम आठवा. बदली खेळाडूला क्षेत्ररक्षण करता येतं, बॅट धरता येत नाही. माझा सल्ला साधारण तोच आहे. सविस्तर खाली सांगते.

आधी तुमचे वडील.

तुम्ही त्यांना एका चित्रात बसवलंय: खाकी कपडे, हातात टॉर्च, चितळांचा राखणदार. चित्र खरंच असेल. पण तारखा बघा. ते नोकरीला लागले १९६१ ला, वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ ला. ताडोब्याच्या जंगलात शिकारबंदी १९३५ पासूनची, १९५५ ला ते राष्ट्रीय उद्यान झालं. पण बाहेरच्या बऱ्याच जंगलांत १९७२ पर्यंत परवाना काढून शिकार करता येत होती. जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत, कुठलं जनावर, किती, कोणत्या महिन्यांत, हे परवान्यावर लिहिलेलं असे, आणि तो परवाना बघणारा माणूस गार्डच. म्हणजे नोकरीच्या पहिल्या अकरा वर्षांत तुमच्या वडिलांनी कागद तपासून कुणाला तरी जंगलात सोडलं असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्यांनी घरी ते सांगितलं नसेल. बाप पोरांना चोर पकडल्याच्या गोष्टी सांगतो, कागद तपासल्याच्या नाही.

यावरून त्यांना हे आवडलं असतं असा निष्कर्ष मी काढत नाही. ते तुम्हीच जाणे. पण 'वडिलांना काय खुपलं असतं' हा प्रश्न जरा बारकाईने विचारा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे चोरटी शिकार म्हणजे तारेचे फास, विजेची जिवंत तार, रात्री डोळ्यांवर प्रकाशाचा झोत. यातलं बरंचसं टेक्सासातही गुन्हाच आहे. पांढऱ्या शेपटीच्या, म्हणजे तिथल्या मूळच्या, हरणावर गोळी झाडायची ती सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच. झोत टाकून रात्री हरीण मारलं तर गेम वॉर्डन, म्हणजे तुमच्या वडिलांचा तिकडचा जातभाई, खटला भरतो, आणि परवानाही जाऊ शकतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण पडलं की तिथेच, लगेच, परवान्यातला टॅग त्याला लावावा लागतो. टॅगवर रँचचं आणि काउंटीचं, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचं, नाव, आणि महिना-तारखेचा तुकडा कापून काढायचा. आता फोनवरचे टॅगही निघालेत, पण कागदी टॅग एकदा हातात घेऊन बघा. वनखात्याच्या रेंजच्या नोंदवहीत बोटांना शाई लावून नोंदी करणारा माणूस तुम्हाला त्यात सापडेल असं मला वाटतं.

आता चितळ. मुलीने फोटो पाठवला तो गमतीने, आणि तुम्हाला बसला वर्मी. तुमच्या गावचा प्राणी टेक्सासात १९३२ साली आणला गेला, काळवीटही त्याच सुमारास. कुंपणातून निसटून चितळ आता लानो-मेसन-कर्व्हिल पट्ट्यात मोकळे फिरतात. तिथल्या कायद्याने ते 'वन्य शिकार' या यादीतच नाहीत, परदेशी जनावर म्हणून धरले जातात. म्हणून त्यांना हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की बाराही महिने. ज्या जनावरासाठी तुमचे वडील पावसात भिजले, त्याला तिथे दोन पायांवरच्या पाहुण्याइतकंही संरक्षण नाही.

इथे मला स्वतःशी वाद घालावा लागला. पर्यावरणाच्या हिशेबाने बघितलं तर टेक्सासात आधी मारायचं ते चितळच. चितळ गवतही खातो आणि झुडपांचा पालाही. मूळचं पांढऱ्या शेपटीचं हरीण पाल्यावर आणि रानभाज्यांवर जगतं, दुष्काळात तेच मागे पडतं. तरीही तुम्ही मुलीला एक अट घाला: मी शेजारी असेन तेव्हा चितळावर नेम धरायचा नाही. ही अट तर्काला धरून नाही, पण रास्त आहे, आणि ती घालण्याचा हक्क तुम्हाला आहे. कारणही सांगा तिला. आजोबांच्या गोष्टी तिला कितपत माहीत आहेत? माझा अंदाज, तुम्ही त्या सांगितल्याच नाहीत. 'आजोबा फॉरेस्टमध्ये होते' या एका वाक्यात उरकल्या असतील.

शिकारीची बाजू मी पूर्ण घेते आहे असं वाटत असेल, तर तसं नाही. तिकडचे लोक पहिलं कारण सांगतात ते संख्येचं. लांडगे माणसाने संपवले, गाईगुरांच्या आणि पाडसांच्या ताज्या नाळेवर अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी १९६० च्या दशकापासून हटवत नेली, आणि हरणं इतकी वाढली की दुष्काळी वर्षात पाल्याअभावी कळपच्या कळप मरतात. हे खरं आहे. बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा १९३७ च्या कायद्यापासून मुख्यतः वन्यजीवांसाठी जातो, हेही खरं आहे. पण हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची म्हणून कुणी पहाटे चार वाजता उठत नाही. मजा येते म्हणून उठतात. तुमच्या मुलीने संख्येचं कारण दिलं तर तिला हसून विचारा, "ते झालं. तुला काय आवडतं त्यात?" त्याचं उत्तर ऐकण्यासारखं असेल.

एकदा मीही बसले आहे. टेक्सासात राहत होते तेव्हा शेजारच्या बाईंनी मेसनकडच्या त्यांच्या रँचवर नेलं होतं. मचाण असेल या कल्पनेने गेले, तर खांबांवर उभी केलेली फायबरची एक खोली, आपल्याकडच्या वॉचमनच्या केबिनएवढी. तिला ब्लाइंड म्हणतात. आत गालिच्याचा तुकडा आणि दोन फिरत्या खुर्च्या, चारी बाजूंना टपालपेटीच्या फटीसारख्या खिडक्या. थंडी अशी की हातमोज्यातही बोटं सापडेनात. हळूहळू ओकची झाडं काळ्याची करडी झाली. मग शंभर यार्डांवर कुठेतरी एक मोटर घरघरली आणि सड्यासारखा मका जमिनीवर उडाला. टाइमर लावलेलं पिंप, त्याला फीडर म्हणतात. चार माद्या लगेच आल्या, गिरणीचा भोंगा ऐकल्यासारख्या. मला त्या क्षणी फसवणूक वाटली, सांगते. जेवायला बोलावून मारायचं! शेजारीण बाई म्हणाल्या, मोकळ्या माळावर तीनशे यार्डांवरून जखमी करण्यापेक्षा इथे शंभरावर, उभं, शांत असताना नेम चुकत नाही. मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण चुकलेल्या गोळीबद्दल त्यांना वाटणारी भीती खरी होती, हे दिसलं. एका मादीचा कान हलत होता, फक्त तेवढाच, बाकी ती पुतळा. बाईंनी त्या दिवशी गोळी झाडलीच नाही. का ते मी विचारलं नाही.

तेव्हा तुमच्यासमोर काय काय वाटा आहेत?

सरळ नकार ही एक. तो द्यायचा तर आठवडाभराच्या आत, फोनवर, आणि अर्धवट कारण न देता. 'दिवाळी आहे', 'पाठ दुखते' असलं काही नको. पाठ पुढच्या वर्षी बरी होईल, मग काय सांगाल?

दुसरी वाट कुणाच्या लक्षात येत नाही. रँचवर जायचं, ब्लाइंडमध्ये नाही. व्याहीही तिथे घरात बसून असणार, गुडघा शेकत, सहा वर्षांत पहिल्यांदाच खुर्ची सुटलेली. त्यांच्याबरोबर कॉफी पीत गोळीच्या आवाजाची वाट बघायची. लग्नानंतर तुम्ही दोघं व्याही एकमेकांशी हवामानापलीकडे किती बोललात? तुम्ही गार्डचा मुलगा, ते रँचवाले. एकाच विषयाच्या दोन टोकांवर आयुष्य गेलंय तुमचं.

तिसरी वाट, व्याह्यांच्या खुर्चीत बसायचं पण बंदूक हातात घ्यायची नाही. चौथी, बंदूक घ्यायची.

चौथी यंदा नको. तुमच्या तत्त्वासाठी म्हणत नाही, हरणासाठी म्हणते. कुणाला तरी खूश करायला झाडलेली पहिली गोळी पोटात लागते आणि जनावर तासन्‌तास मरत राहतं. मुलीने आग्रह केला तरी नको.

तिसरी वाट मला बरी वाटते, दुसरीची थोडी जोड देऊन: पहाटेची बैठक मुलीबरोबर, संध्याकाळची व्याह्यांबरोबर व्हरांड्यात. पण 'मी नुसता सोबत' असं समजून जाऊ नका. नुसतं सोबत असं तिथे काही नसतं. गोळी छातीत बरोबर लागली तरी हरीण पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं. मग अर्धा तास थांबायचं आणि रक्ताचे थेंब बघत झुडपांतून जायचं. सापडलं की तिथेच पोट उघडून आतडी काढायची, कारण लानोत नोव्हेंबरची पहाट गोठवणारी आणि दुपार घाम काढणारी असू शकते, मांस थांबत नाही. तेव्हा एकाने मागचे पाय फाकवून धरायचे असतात. सहा वर्षं ते पाय व्याही धरत आलेत. रक्त गरम असतं, वाफ येते, वास येतो. तुम्हाला चंद्रपूरच्या बाजारातला वास आठवेल. हे जमणार नसेल तर आधीच सांगा, ती एकटी करेल. पण ऐन वेळी तोंड फिरवून उभं राहू नका. दर रविवारी मटण खाणाऱ्या माणसाने एकदा पाय धरून बघायला हरकत नाही, असं माझं मत आहे. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही 'अहिंसा' शब्द वापरलाय. तो वहिनींनी वापरावा. तुम्हाला तो जरा सैल होतो.

आता व्यवहाराचं. हे तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल, कारण अलीकडे अशी पत्रं येऊ लागली आहेत. मुलं तिकडचीच झाली, त्यांचे मित्र तिकडचे, सासर तिकडचं.

नुसतं शेजारी बसायला परवाना लागत नाही. बंदूक हाती घेऊन शिकार करायची तर लागतो. टेक्सासच्या रहिवाशाला साधा परवाना २५ डॉलरला मिळतो, तो ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. शिकार-सुरक्षेचं शिक्षण २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचं आहे. गंमत बघा, तुम्ही त्याआधीचे, म्हणजे आयुष्यात बंदूक न धरलेले तुम्ही कायद्याने पास आणि सहा वर्षं अनुभव असलेली मुलगी मात्र परीक्षा देऊन आलेली! बंदूक धरणार नसलात तरी तो कोर्स ऑनलाइन करा. शेजारच्या माणसाने काय चुकवलं तर ओरडायचं, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी, आणि विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी वेगळं सांगते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं साधारणपणे गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद आहे, पण परवाना खिशात नसताना 'जरा धरून बघतो, फोटो काढ' एवढंही करू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, जावयाच्या मित्राला नाही.

जमीन. टेक्सासातली सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. जखमी हरीण कुंपण ओलांडून शेजारी गेलं तर मागे धावायचं नाही, आधी शेजाऱ्याला फोन. खांबावर किंवा झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर ती पाटीच समजा: आत येऊ नका. ज्यांच्याकडे व्याह्यांची रँच नाही ते हंगामापुरती जागा भाड्याने घेतात आणि त्याला चांगले पैसे पडतात. त्या मानाने तुम्हाला आयतं ताट वाढलेलं आहे.

बंदुकीचे नियम मुलगी सांगेलच. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी माणसाकडे नाही, नेम लागेपर्यंत बोट घोड्यावर नाही. शिडी चढता-उतरताना काडतूस बाहेर. आणि समोर काय आहे, त्याच्या पलीकडे काय आहे, हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय गोळी नाही. हा शेवटचा नियम आपल्याला लहानपणीच शिकवलेला आहे. दशरथाने पाण्याचा आवाज ऐकून बाण सोडला होता. खाजगी रँचवर नारिंगी जाकीट सक्तीचं नाही, तरी ब्लाइंडपर्यंत चालत जाताना घाला, व्याही हसले तरी घाला. आणि कानांचं संरक्षण विसरू नका. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, बंद खोलीत तर विचारू नका. ६२ व्या वर्षी उरलेली श्रवणशक्ती जपून ठेवण्यासारखी असते.

वहिनींचं म्हणणं. त्यांचे दोन मुद्दे आहेत आणि दोन्ही सुटण्यासारखे आहेत. बंदूक मुलीच्या घरी, तिच्या कुलपात असते, तुमच्या घरी ती येणारच नाही. हे त्यांना मुलीने सांगावं, तुम्ही नाही. दिवाळीचं तर सोपं आहे. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो म्हणून सगळे तेव्हाच धावतात. पण लानोकडे तो जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत असतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा शनिवार-रविवार धरा. मुलीला पहिल्या दिवसाचंच अप्रूप असेल तर तो तिने एकटीने करावा.

मांस घरी आणू नका, निदान वहिनींच्या फ्रीजमध्ये नको. तिकडे गावोगाव प्रोसेसर असतात, हरीण त्यांच्याकडे दिलं की तुकडे, खिमा, सॉसेज करून देतात. त्यांच्यातले काहीजण भुकेलेल्यांसाठीच्या अन्नपेढ्यांना मांस दान करायचीही सोय करतात. अर्धं तिकडे द्या. उरलेल्यातला एक तुकडा रँचवर, बाहेरच्या चुलीवर, तुम्ही शिजवा. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, आपल्या बोकडासारखं ते आपल्याच तेलात सुटत नाही. सावजी मसाला, नेहमीपेक्षा दीडपट तेल आणि तासभर जास्त वेळ. व्याह्यांनी सहा वर्षं मुलीला जे शिकवलं त्यात हे नव्हतं.

फोटोंबद्दल एक. मेलेल्या जनावराबरोबरचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. चंद्रपूरकडच्या नातेवाइकांना पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि चितळ यांतला फरक फोटोत कळेल, पण त्यांनी पुढे पाठवलेल्या चाळीस जणांना कळणार नाही. आणि शिंगं आठवण म्हणून गावी न्यायच्या भानगडीत पडू नका. विमानतळावर तुमच्या वडिलांच्याच खात्याशी गाठ पडेल.

आज रात्री मुलीला फोन करा. पटण्यासारखं वाटत असेल तर एवढंच म्हणा: "येतो. बंदूक धरणार नाही. चितळाला हात लावायचा नाही. का ते पहाटे सांगतो." ब्लाइंडमध्ये कुजबुजतच बोलावं लागतं, त्यामुळे आजोबांची गोष्ट सांगायला वेळ लागेल, पण तिथे वेळच असतो.

चहा थर्मासमध्ये न्या, झाकण कापडात गुंडाळून, कारण स्टीलचा आवाज शंभर यार्डांवर जातो. दिवाळीचा फराळ तोवर उरला असेल तर बेसनाचे लाडू चालतील. चिवडा आणि चकली गाडीतच ठेवा.